नामदार गोखले आणि सात वचने

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म सन १८६६ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक गावी झाला. पिता लवकर वारले. तेव्हा थोरल्या बंधूंनी आपली शाळा सोडून नोकरी धरली व त्यांस शिकविले. पुढे ते पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात अल्प वेतनावर शिक्षक झाले.

सन १८९७ मध्ये ते विलायतेस असता, पुण्यातील प्लेगच्या तपासणीत गोऱ्या शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची पत्रे त्यांस आली. तो आरोप त्यांनी तेथे प्रसिद्ध केला. स्वदेशी परतल्यावर पुरावा देता येईना, म्हणून त्यांनी जाहीर क्षमा मागितली. लोकांनी त्यांची फार निंदा केली. ती त्यांनी सोसली.

अशा पुरुषाने १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाज स्थापिला. सभासदास सात वचने द्यावी लागत : सर्व देशबांधवांस जातिधर्माचा भेद न मानता बंधू लेखावे, आचरण शुद्ध ठेवावे, कोणाशी वैयक्तिक भांडण करू नये, स्वतःसाठी द्रव्य मिळवू नये, इत्यादि. परंतु केवळ वचन घेऊन त्यांनी सेवकास मोकळे सोडिले नाही. पाच वर्षे शिक्षण ठेविले, व कुटुंबाच्या निर्वाहाची तजवीज समाजाने केली, जेणेकरून द्रव्यलोभास निमित्त उरू नये.

सन १९१५ मध्ये ते निवर्तले. वाचकहो, आपल्या मंडळीत वा पंचायतीत नियम घालताना हे ध्यानी असावे : सेवकास शिकवावे, त्याच्या पोटाची काळजी वाहावी, आणि पुढाऱ्याने आपली चूक प्रथम कबूल करावी.