अबेबे बिकिला : अनवाणी पायांमागचे सत्य

मागच्या पावसाळ्यात रिसोड तालुक्यातील केनवडला आमचा दोन दिवस मुक्काम होता. पहाटे सडकेवर पोरे धावताना दिसली. पोलीस भरतीची तयारी चाललेली. सोळाशे मीटर किती मिनिटांत निघते, याचा हिशेब मोबाईलच्या घड्याळावर सुरू होता. त्यातले एक पोरगे अनवाणी होते. बूट नाहीत काय, म्हणून आम्ही चौकशी केली. बूट होते, पण झिजू नयेत म्हणून भरतीच्या दिवसासाठी घरी राखून ठेवले होते. तेवढ्यात बाजूला उभ्या असलेल्या एका जाणत्या गृहस्थाने मोबाईलवर आलेले एक चित्र आम्हाला दाखवले. रोमच्या रस्त्यावर एक काळा, सडपातळ धावपटू अनवाणी धावतो आहे आणि खाली मजकूर असा की जिंकायला बूट लागत नाहीत, जिद्द लागते.

चित्र खरे आहे. मजकूर मात्र गरिबाला गरिबीतच ठेवणारा आहे. त्या धावपटूचे नाव अबेबे बिकिला. नाव बऱ्याच जणांना ठाऊक असते, चरित्र फार थोड्यांना. म्हणून आज त्याच्याविषयी.

अबेबेचा जन्म ७ ऑगस्ट १९३२ चा, इथिओपियाच्या शेवा प्रांतातील जातो नावाच्या खेड्यात, ओरोमो समाजात. हा समाज त्या देशात संख्येने सर्वांत मोठा, पण दरबार आणि कारभाराची भाषा अम्हारा सरदारवर्गाची. बहुसंख्य असून बाजूला असणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. अबेबेचे बालपण डोंगरउतारावर गुरे राखण्यात गेले. तो तीन वर्षांचा असताना, ऑक्टोबर १९३५ मध्ये, मुसोलिनीच्या फौजा इथिओपियात घुसल्या. त्यांनी माणसांवर विषारी वायू सोडला आणि मे १९३६ मध्ये राजधानी अदिस अबाबा घेतली. १९३७ साली अक्सुम येथील सुमारे चोवीस मीटर उंचीचा प्राचीन दगडी स्तंभ त्यांनी लुटून नेला आणि रोमच्या चौकात विजयाची खूण म्हणून उभा केला. हा स्तंभ वाचकांनी ध्यानात ठेवावा.

१९४१ साली इटालियन गेले. अबेबे विशीच्या सुमारास बादशहा हैले सेलासीच्या शाही रक्षक दलात शिपाई झाला. म्हणजे तोही भरतीतूनच वर आलेला! या नोकरीने त्याला ठरलेला पगार दिला, रोजची कवायत दिली आणि मुख्य म्हणजे ओन्नी निस्कानेन हा प्रशिक्षक दिला. निस्कानेन जन्माने फिनलंडचा, नागरिक स्वीडनचा. १९४६ पासून इथिओपियात काम करीत होता. समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरहून उंच असलेल्या अदिस अबाबात लांब पल्ल्याची धाव, चढावरची धाव, मोजून मारलेले वेगाचे टप्पे, विश्रांती, असा पद्धतशीर सराव त्याने करून घेतला. रोमला गेलेला अबेबे हा असा घडवलेला खेळाडू होता. रानातून थेट उचलून आणलेला गुराखी नव्हे.

१० सप्टेंबर १९६० रोजी संध्याकाळी रोम ऑलिम्पिकची मॅरेथॉन सुरू झाली. उन्हाच्या तडाख्यामुळे वेळ संध्याकाळची ठेवली होती. अंधार पडल्यावर जुन्या आपिया मार्गावर सैनिक मशाली घेऊन उभे राहिले. अबेबेच्या पायात काही नव्हते. का नव्हते? कारण रोममध्ये घेतलेल्या नव्या बुटांनी पायाला फोड आले. अनवाणी धावण्याचा सराव होताच, म्हणून गुरू-शिष्याने विचार करून बूट बाजूला ठेवले. हा न मापणाऱ्या बुटावर काढलेला तोडगा होता. त्यात ना व्रत होते, ना चमत्कार. बरोबर मापाचा बूट मिळाला असता तर तो बूट घालूनच धावला असता, आणि पुढे तसेच झाले.

शर्यतीत शेवटी दोघेच उरले, अबेबे आणि मोरोक्कोचा राडी बेन अब्देसलाम. वाटेत अक्सुमचा तो लुटलेला स्तंभ होता. शेवटचा जोर तिथूनच लावायचा, असे आधी ठरले होते. स्तंभ आला आणि अबेबे सुटला. कॉन्स्टंटाइनच्या कमानीखाली तो पोचला तेव्हा घड्याळात २ तास १५ मिनिटे १६.२ सेकंद झाले होते. राडी पंचवीस सेकंदांनी मागे. १९५८ साली रशियाच्या सर्गेई पोपोव्हने केलेला जागतिक उच्चांक २:१५:१७ होता, तो एका सेकंदाहूनही कमी फरकाने मोडला गेला. पोपोव्ह स्वतः त्या शर्यतीत होता आणि पाचवा आला. आफ्रिकेच्या कृष्णवर्णीय माणसाने मिळवलेले ऑलिम्पिकचे हे पहिले सुवर्णपदक, आणि तेही मुसोलिनीच्या राजधानीत.

येथे थोडे थांबले पाहिजे. या विजयानंतर आणि पुढे केनिया-इथिओपियाच्या धावपटूंनी मैदान मारल्यावर एक समज पक्का होत गेला की आफ्रिकी माणूस जन्मतःच धावतो, ते त्याच्या रक्तात असते. आम्हाला हा युक्तिवाद फार ओळखीचा वाटतो. कोणी झाडू मारावा आणि कोणी पोथी वाचावी हे रक्तातच लिहिलेले असते, असे आपल्या पूर्वजांना पिढ्यान् पिढ्या सांगितले गेले. माणसाची लायकी जन्मावर ठरवणाऱ्या या विचाराशी बाबासाहेब आयुष्यभर झुंजले. रक्ताचे कौतुक करणारा मेहनतीचे श्रेय हिरावून घेतो. अनवाणी पायांचे कौतुक करणारा बुटांची जबाबदारी झटकतो. दोघांची जात एकच.

डिसेंबर १९६० मध्ये शाही रक्षक दलाच्याच अधिकाऱ्यांनी बादशहाविरुद्ध बंड केले. बंड फसले. अबेबेलाही काही काळ अटकेत राहावे लागले, मग तो सुटला. तीन महिन्यांपूर्वी देशाचा जयजयकार ज्याच्या नावाने झाला, त्याच्यावर ही वेळ. असो.

टोकियो ऑलिम्पिकच्या सुमारे पाच आठवडे आधी त्याच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली. तो उतरेल की नाही, हीच शंका होती. २१ ऑक्टोबर १९६४ रोजी तो पायात बूट आणि पांढरे मोजे घालून उतरला. २ तास १२ मिनिटे ११.२ सेकंद! दुसरा आलेला इंग्लंडचा बॅसिल हीटली चार मिनिटांहून अधिक मागे. चार महिन्यांपूर्वीचा जागतिक उच्चांक या हीटलीचाच होता. शर्यत संपल्यावर अबेबे गवतावर आडवा होऊन व्यायाम करू लागला, जणू आत्ताच सुरुवात व्हायची आहे. ऑलिम्पिक मॅरेथॉन दोनदा जिंकणारा तो पहिला. अनवाणी २:१५, बूट घालून २:१२. मोबाईलवर चित्र पाठवणारे हा दुसरा आकडा कधी पाठवीत नाहीत.

रस्ते सारखे नसतात म्हणून मॅरेथॉनच्या या वेळांना त्या काळी अधिकृत जागतिक विक्रम म्हणत नसत. ती मान्यता २००४ पासूनची. आकडे पुढे घसरतच गेले. २०२३ साली केनियाच्या केल्विन किप्टमने शिकागोत २:००:३५ नोंदवले. त्याच वर्षी बर्लिनमध्ये इथिओपियाच्या तिग्स्त असेफा या बाईने २:११:५३ वेळ दिली. अबेबेच्या टोकियोच्या वेळेपेक्षाही कमी.

आपल्याकडे पाय नव्हते असे नाही. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या ज्या स्पर्धांतून तो संघ उभा राहिला, त्यात शेतकऱ्यांची पोरे अनवाणी धावताना पाहून दोराबजी टाटा थक्क झाले होते. १९७८ साली जालंधरला लष्करातील शिवनाथ सिंह यांनी २:१२:०० अशी वेळ दिली. हा भारतीय उच्चांक चाळीस वर्षांहून अधिक काळ कोणाला मोडता आला नाही. या काळात इथिओपियाने किती धावपटू घडवले? आमच्या मते याचे उत्तर मैदान, प्रशिक्षक आणि पोटातली भाकर यांत शोधावे लागेल. जिद्द केनवडच्या सडकेवर रोज पहाटे पाहायला मिळते.

१९६८ च्या मेक्सिकोत पायाच्या दुखापतीमुळे अबेबेला सतराव्या किलोमीटरच्या सुमारास थांबावे लागले; सुवर्णपदक त्याचाच देशबंधू मामो वोल्डे याने नेले. २२ मार्च १९६९ च्या रात्री बादशहाने बक्षीस दिलेली फोक्सवॅगन मोटार उलटली आणि एकेकाळचा जगातला सर्वांत वेगवान मॅरेथॉनपटू कमरेखाली लुळा झाला. इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात त्याच्यावर उपचार झाले. पाय परत आले नाहीत. चाकाच्या खुर्चीत बसून तो धनुर्विद्या आणि टेबल टेनिस खेळू लागला, अपंगांच्या स्पर्धांत उतरला. नॉर्वेत बर्फावरची घसरगाडीची शर्यतही त्याने जिंकली.

२५ ऑक्टोबर १९७३ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने तो गेला. वय अवघे एक्केचाळीस. अदिस अबाबात त्याच्या अंत्ययात्रेला हजारो लोक आले, बादशहाही आला. पुढच्याच वर्षी बादशहाची गादी गेली. अक्सुमचा स्तंभ परत द्यायचे इटलीने १९४७ च्या तहात कबूल केले होते. तो २००५ साली तुकडे करून विमानाने परत आला आणि २००८ साली अक्सुममध्ये पुन्हा उभा राहिला.