हेन्री फॉसेट : हिंदुस्थानचे दृष्टिहीन कैवारी

दादाभाई नौरोजी आपण शाळेत शिकलो. हेन्री फॉसेट मात्र पुस्तकात भेटले नाहीत. जन्म १८३३, इंग्लंडमधील सॉल्झबरी. १८५८ साली शिकारीत वडिलांच्याच बंदुकीचे छरे लागून दोन्ही डोळे गेले. वय पंचवीस. वडील खचू नयेत म्हणून त्यांनी हसतमुख राहून घोडदौड, स्केटिंग, मासेमारी चालूच ठेवली. पाच वर्षांत केंब्रिजला अर्थशास्त्राचे प्राध्यापक, १८६५ मध्ये पार्लमेंटात.

१८६७ मध्ये तुर्की सुलतानासाठी लंडनला नाचाचा मोठा समारंभ झाला आणि बिल हिंदुस्थानच्या तिजोरीवर! फॉसेट यांनी सभागृहात जाब विचारला. पुढे हिंदुस्थानच्या जमाखर्चाची चौकशी करणाऱ्या ज्या समितीपुढे दादाभाईंनी साक्ष दिली, तिच्यात तेही होते. कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे, आकडे डोक्यात ठेवायचे. १८७४ ला ब्राइटनमध्ये ते पडले, तेव्हा त्यांच्या निवडणूक खर्चासाठी हिंदुस्थानातून वर्गणी गेली. ज्यांना स्वतःला मत नव्हते त्यांनी धाडलेले हे पैसे! मला हेच सर्वांत मोलाचे वाटते.

१८८० पासून ते पोस्टमास्तर जनरल. ब्रिटनमधील पार्सल पोस्ट त्यांच्याच कारकिर्दीतले. १८८४ मध्ये ते गेले. पत्नी मिलिसेंट यांनी स्त्रियांच्या मताधिकाराचा लढा चालवला. १९२८ मध्ये पुरुषांइतकाच हक्क मिळाला, तो पाहायला त्या हयात होत्या.