डॉ. इडा स्कडर

मद्रासच्या पश्चिमेस असलेल्या वेल्लोर गावच्या मोठ्या रुग्णालयाचे नाव आमच्या बहुतेक वाचकांच्या कानी असेलच. कोणाच्या घरचे दुखणेकरी माणूस तेथवर जाऊनही आले असेल. परंतु त्या रुग्णालयाबरोबर वाढलेली वैद्यकशाळा प्रथम केवळ मुलींसाठी निघाली होती, व तिचे मूळ एका रात्रीच्या हकीकतीत आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

इडाबाईंचा जन्म ९ डिसेंबर १८७० रोजी राणीपेठ येथे झाला. आजोबा आणि वडील दोघेही अमेरिकन मिशनरी डॉक्टर. लहानपणी दुष्काळात अन्नासाठी तळमळणारी मुले तिने डोळ्यांनी पाहिली होती, आणि आपण मात्र असले कष्टाचे आयुष्य पत्करावयाचे नाही असा तिचा निश्चय होता. अमेरिकेत शिक्षण घेऊन ती आजारी आईच्या शुश्रूषेसाठी तेवढी तिंडिवनम् येथे आली.

तेथे एका रात्री तीन गृहस्थ एकामागून एक दारी आले. एक ब्राह्मण, एक मुसलमान, एक दुसऱ्या हिंदु जातीचा. तिघांच्याही तरुण बायका प्रसूतीच्या वेणांनी तळमळत होत्या. इडेने वडिलांस नेण्याची विनंती केली. तेही निघावयास तयार होते. पण परपुरुषाने आपल्या स्त्रीस पाहावे हे तिघांपैकी कोणासही मान्य होईना. इडेस तर वैद्यकाचा गंध नव्हता. सकाळी तिन्ही स्त्रिया मरण पावल्याचे कळले. त्या नवऱ्यांस निर्दय म्हणावयास आमचे मन घेत नाही. निर्दय माणूस बायकोसाठी अपरात्री परक्याचे दार ठोठावीत नाही. रूढीपुढे त्यांचा इलाज चालला नाही, आणि गावात स्त्री डॉक्टर नव्हती.

इडा परत अमेरिकेस गेली, ती वैद्यक शिकण्यासाठी. १८९५ साली तिने फिलाडेल्फियाच्या ज्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात नाव घातले, तेथूनच १८८६ साली आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर होऊन बाहेर पडल्या होत्या. पुढे कॉर्नेल येथून १८९९ साली पदवी घेऊन, १९०० मध्ये इडाबाई वेल्लोरास आल्या. त्याच वर्षी वडील निवर्तले. बंगल्यातील एका लहानशा खोलीत दवाखाना सुरू झाला. १९०२ साली रुग्णालय उभे राहिले. बाई खेडोपाडी जात, रस्त्याच्या कडेला झाडाखाली रोगी तपासीत. तरी जेथे जेथे बाळंतीण अडे तेथे तेथे एकटी बाई कशी पोहोचणार? एका डॉक्टरणीने भागणार नाही, डॉक्टरणी घडविल्या पाहिजेत, हे त्यांनी ओळखले.

म्हणून १९१८ साली मुलींची वैद्यकशाळा निघाली. तीन अर्जसुद्धा यावयाचे नाहीत अशी सरकारी वैद्यक खात्याच्या प्रमुखांस शंका होती. अर्ज आले १५१! शिक्षण पदवीचे नव्हते, परवानाधारक डॉक्टरचे होते. आणि आमच्या मते यातच बाईंचा व्यवहारी शहाणपणा दिसतो. खेड्यास मोठी पदवी नको होती. ज्वर, जखम, डोळे यांबरोबरच अडलेली बाळंतीण सोडवू शकेल अशी डॉक्टर हवी होती. प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोग हे विषय बाई स्वतः शिकवीत. केवळ पुस्तकावर भिस्त नसे. रस्त्यावरच्या दवाखान्यांतही विद्यार्थिनी बरोबर असत. पहिल्या वर्षाच्या परीक्षेत पुरुषांच्या शाळांतील पुष्कळ विद्यार्थी गळाले, वेल्लोरच्या मुली मात्र सर्व उत्तीर्ण झाल्या. १९२२ साली पहिल्या १४ जणी डॉक्टर होऊन बाहेर पडल्या.

पुढे सरकारने परवान्याचे शिक्षण बंद करून विद्यापीठाची पदवी आवश्यक केली, तेव्हा शाळा बुडते की काय अशी वेळ आली. सत्तरी गाठलेल्या बाई निधीसाठी पुन्हा अमेरिकेत हिंडल्या. पदवीच्या शिक्षणास १९४२ साली मान्यता मिळाली. १९४७ पासून मुलांसही प्रवेश मिळाला. स्त्रियांसाठी दिलेला पैसा पुरुषांकडे जातो म्हणून जुने स्नेही रुष्ट झाले. त्यांचे दुःख आम्हांस समजते. पण अडलेल्या स्त्रीवर उपचार करण्याचे ज्ञान निम्म्याच डॉक्टरांनी का शिकावे, याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. कालांतराने संस्थेची सूत्रे डॉ. हिल्डा लाझरस या भारतीय प्रसूतितज्ज्ञ बाईंच्या हाती आली. इडाबाईंनी हे सारे पाहिले, आणि २४ मे १९६० रोजी कोडाईकनाल येथे, वयाच्या ८९ व्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.