श्रीमंत सयाजीराव गायकवाड आणि त्यांचा वाचक

नाशिक जिल्ह्यातील मालेगावजवळच्या कवळाणे या खेड्यात 11 मार्च 1863 रोजी जन्मलेल्या गोपाळरावांच्या बालपणात ग्रंथांना स्थान नव्हते. शेतीच्या वातावरणात वाढलेला हा मुलगा 27 मे 1875 रोजी महाराणी जमनाबाईंना दत्तक गेला, सयाजीराव झाला, आणि बाराव्या वर्षी त्याचे शिक्षण खऱ्या अर्थाने सुरू झाले. एलियट या इंग्रज शिक्षकाच्या देखरेखीखाली त्यांनी सहा वर्षांत एवढी मजल मारली की 28 डिसेंबर 1881 रोजी बडोद्याच्या राज्याची सूत्रे त्यांच्या हाती सोपविण्यात आली. उशिरा वाचू लागलेल्या माणसास वाचनाचे मोल अधिक कळते, असा माझा अध्यापनातीलही अनुभव आहे.

महाराजांच्या चरित्रातील एक गोष्ट ग्रंथालयाच्या सभासदांनी अवश्य ध्यानात घ्यावी. त्यांच्या पदरी ‘रीडर’ असत. महाराजांसाठी ग्रंथ निवडणे, ते वाचून दाखविणे, टिपणे काढणे हे त्यांचे काम. 1889 मध्ये याच कामावर रुजू झालेले एक तरुण म्हणजे पुढे ‘रियासतकार’ म्हणून ओळखले गेलेले गोविंद सखाराम सरदेसाई. महाराजांसाठी केलेल्या त्या वाचनातूनच ‘रियासती’चे बीज पडले. राजाला हवे ते पुस्तक शोधून देणारा माणूस असा हाताशी होता. प्रजेला कोण होते? महाराजांचे पुढील ग्रंथालयीन कार्य या प्रश्नाचे उत्तर म्हणून पाहिले म्हणजे त्याचा अर्थ नीट लागतो.

अमरेली प्रांतातील काही गावांत 1893 साली सुरू केलेले सक्तीचे प्राथमिक शिक्षण 1906 मध्ये संपूर्ण राज्यास लागू झाले. सक्तीने शिकलेला मुलगा शाळा सुटल्यावर वाचणार काय, ही चिंता त्याच्याबरोबरच उभी राहिली. गावात पुस्तक नसेल, तर चार वर्षांत अक्षरे पुसली जातात आणि शाळेवरचा खर्च वाया जातो. अमेरिकेच्या प्रवासात महाराजांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. 1910 मध्ये त्यांनी विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अनुभवी अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले. हे गृहस्थ मेल्विल ड्यूई यांच्या ग्रंथालय-विद्यालयात शिकवीत असत. महाराजांनी आपल्या राजवाड्यातील सुमारे 20,000 ग्रंथांचा खासगी संग्रह मध्यवर्ती ग्रंथालयाच्या स्वाधीन केला. बॉर्डन यांनी वर्गीकरणाची पद्धत बसविली, ग्रंथपालांचे शिक्षणवर्ग काढले आणि वाचकांस कपाटापर्यंत मुक्त प्रवेश दिला.

या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व माझ्या पिढीस सांगावयास नको. विद्यार्थिदशेत मी ज्या वाचनालयात जात असे, तेथे काचेच्या कपाटांना कुलपे असत. चिठ्ठीवर नाव लिहून द्यावे, तासाभराने ‘बाहेर गेले आहे’ असे उत्तर घेऊन परतावे. नावच ठाऊक नसलेले पुस्तक मागणार कसे? आवडीचे पुस्तक पुष्कळदा शेजारच्या पुस्तकाकडे हात जाताना सापडते, आणि ती सोय बडोद्याच्या सामान्य नागरिकास विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच मिळाली होती. स्त्रियांसाठी स्वतंत्र विभाग होता. मुलांच्या दालनात पुस्तकांजवळ खेळणीही असत.

शहराबाहेरच्या वाचकासाठी फिरती ग्रंथालये निघाली. लाकडी पेटीत 15 ते 30 पुस्तके भरून ती सरकारी खर्चाने गावोगावी जात. एक पेटी वाचून झाली की दुसरी. कायमचे वाचनालय हवे असल्यास गावाने वर्षाला 100 रुपये जमवावेत, तेवढेच प्रांत पंचायत देई आणि तेवढेच सरकार. ही योजना मला विशेष शहाणपणाची वाटते. वर्गणी भरणारा माणूस आपल्या आवडीचे पुस्तक मागण्यास संकोचत नाही. गुजरातच्या खेड्यांत ही चळवळ रुजविण्याचे श्रेय मोतीभाई अमीन यांचे. त्यांच्यावाचून ती दरबारी फर्मानातच राहिली असती. वाचता न येणाऱ्यांसाठीही जादूच्या कंदिलाचे व चलच्चित्रांचे खेळ होत. 1913 मध्ये बॉर्डन परतले. पुढे जनार्दन सखाराम कुडाळकर आणि न्यूटन मोहन दत्त यांनी काम सांभाळले. ग्रंथालयांविषयी एक नियतकालिकही 1912 ते 1919 या काळात इंग्रजी, गुजराती व मराठी या तीन भाषांतून निघत असे.

एक अडचण मात्र पेट्यांनी सुटणारी नव्हती. सामान्य वाचकास रुचेल अशी पुस्तके मराठीत आणि गुजरातीत होती किती? त्यासाठी महाराजांनी दोन लाख रुपयांचा निधी काढला, आणि त्यातून ‘श्री सयाजी साहित्यमाला’ व मुलांसाठी ‘सयाजी बालज्ञानमाला’ निघाल्या. त्यांतील सर्वच पुस्तके गोडीने वाचली गेली असतील असे नव्हे. काही भाषांतरे बोजड आहेत, हे प्रांजळपणे म्हटले पाहिजे. तथापि महाराष्ट्राबाहेर मराठी वाचनालय चालविणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या मालांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. 1932 च्या कोल्हापूर येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद महाराजांकडे आले, ते केवळ राजपदामुळे खचितच नव्हे.

6 फेब्रुवारी 1939 रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या इमारतीत त्यांच्या हयातीतच पोलादी फडताळांच्या मजल्यांवर काचेची जमीन बसविली गेली होती. वरचा उजेड त्या काचेतून खालच्या रांगांपर्यंत उतरतो.