खराटा कुणाच्या हातात?

गावात एक अनोळखी माणूस यायचा. अंगावर चिंध्या जोडून शिवलेलं पांघरूण, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर मातीचं गाडगं आणि हातात खराटा. पोरं मागे लागायची, कुत्री भुंकायची. तो कुणाशी वाद घालायचा नाही की ओळख सांगायचा नाही. जिथे सगळ्यात जास्त घाण दिसेल, तिथून झाडायला लागायचा. ऊन वर येईपर्यंत चार-दोन माणसं ओशाळून घरातून झाडू घेऊन बाहेर पडायची. संध्याकाळपर्यंत निम्मं गाव कामाला लागलेलं असायचं. रात्री हाच माणूस कीर्तनाला उभा राहायचा आणि गाव सत्काराची तयारी करेपर्यंत पुढच्या गावाच्या वाटेला लागलेला असायचा.

गाडगेबाबांचं हे चित्र आपल्या सगळ्यांना शाळेपासून पाठ आहे. २० डिसेंबरला फोटोला हार, मग पटांगणाची साफसफाई. कॉलेजात आलो की बाबा मागे राहतात. गंमत म्हणजे, नेमक्या याच वयात आपण ग्लव्हज घालून रविवारी बीच क्लीन-अपला जायला लागतो, एनएसएसचे तास भरतो, व्हॉलंटिअरचा टी-शर्ट मिरवतो. म्हणजे बाबांची खरी गरज आत्ता आहे. कारण झाडू कसा मारायचा यापेक्षा तो कुणी मारायचा, हा त्यांचा प्रश्न होता.

देबू

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात देबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. घर परिटाचं. लोकांचे कपडे धुऊन पोट भरणारं. वडील झिंगराजी दारूपायी लवकर गेले. आई सखुबाई लहानग्या देबूला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला आली. तिथे देबू मामांची गुरं राखायचा, शेतात राबायचा. शाळेचं तोंड त्याने कधी पाहिलं नाही.

पुढे मामांची जमीन सावकाराच्या कागदांत अडकली आणि गेली. कागदावर काय लिहिलंय हे वाचता येणारं घरात कुणी नव्हतं. दारूने बाप नेला आणि निरक्षरतेने शेत नेलं, हे दोन धडे या पोराला कुठल्याही पुस्तकाशिवाय मिळाले. आयुष्यभर त्याने कीर्तनातून जे सांगितलं, त्याचं मूळ इथे आहे.

१८९२मध्ये कुंताबाईंशी लग्न झालं. पहिल्या मुलीच्या बारशाला जातीतल्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारूची पंगत द्यायची होती. देबूने गोडाधोडाचं जेवण घातलं. लोक चिडले, पण तो हटला नाही. आज ऐकायला ही साधी गोष्ट वाटते. स्वतःच्याच नातेवाइकांसमोर, स्वतःच्याच घरच्या कार्यक्रमात वेगळं वागून दाखवणं किती अवघड असतं, हे ज्याने आपल्या घरच्या लग्नात थर्माकोलच्या प्लेट नकोत म्हणून हट्ट धरलाय, त्याला विचारा.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी देबूने घर सोडलं. मागे आई, बायको आणि लहान मुली. बाबांच्या चरित्रात इथे थांबायलाच होतं. आपण त्यांच्या त्यागाबद्दल बोलतो, पण त्या त्यागाची किंमत कुंताबाईंनीही मोजली. पुढे बाबांच्या हातून लाखो रुपयांच्या इमारती उभ्या राहिल्या, तरी त्यातला पैसा त्यांनी घराकडे वळू दिला नाही. १९२३मध्ये मुलगा गोविंद गेल्याची बातमी आली, तेव्हा बाबा कोकणात कीर्तन करत होते. त्यांनी कीर्तन थांबवलं नाही. हे थोर आहे की कठोर, याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही.

चिखलातल्या पायऱ्या

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचं गाव आहे. पौषातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. नदीचा काठ उंच आणि निसरडा. पाणी भरून वर येणाऱ्या बायाबापड्या चिखलात घसरून पडायच्या. पुण्य मिळवायला आलेले लोक ते बघायचे आणि आपापल्या स्नानाला जायचे. बाबांनी फावडं घेतलं आणि काठावर पायऱ्या खोदायला सुरुवात केली. हळूहळू इतर हात लागले. कच्च्या पायऱ्या किती दिवस टिकणार? म्हणून पुढे लोकवर्गणीतून पक्का घाट बांधला गेला.

बाबांची पद्धत इथे स्पष्ट दिसते. आधी स्वतः काम सुरू करायचं. बघे जमले की त्यांना बघे राहू द्यायचं नाही. आणि आज साफ केलेली जागा उद्या परत घाण होणार असेल, तर ती का होते त्याचा बंदोबस्त करायचा. आजच्या भाषेत याला सस्टेनेबल म्हणतात. बाबांना हा शब्द माहीत असायचं कारण नव्हतं.

त्यांचं राहणंही तसंच. एकच गाडगं. उन्हात टोपी, जेवताना ताटली, तहान लागली की पेला. कापड फाटलं की दुसऱ्या चिंधीचं ठिगळ. लोक त्यांना गोधडे महाराज म्हणायचे, चिंधेबुवा म्हणायचे. पण आपण घाईघाईने याला झीरो वेस्ट लाइफस्टाइल म्हणू नये. ज्या रयतेकडे दुसरा कपडाच नव्हता, तिच्यासारखं राहायचं त्यांनी ठरवलं होतं. फॅशन म्हणून साधं राहणं वेगळं आणि शेजाऱ्याकडे नाही म्हणून आपणही न घेणं वेगळं.

देवळाबाहेरचा वारकरी

बाबा पंढरपूरला वारंवार जायचे, पण विठ्ठलाच्या दर्शनाला देवळात शिरायचे नाहीत. लाखोंची गर्दी ओसरली की चंद्रभागेच्या वाळवंटात काय उरतं, याची कल्पना करा. बाबा तिथे खराटा घेऊन उतरायचे. भक्तांची घाण साफ करणं हीच त्यांची पूजा.

या कामात एक मोठी गोष्ट दडलेली आहे. आपल्याकडे झाडू कधीच फक्त झाडू नव्हता. तो कुणी हातात धरायचा हे जन्मावरून ठरलेलं होतं. घाण करणारे एका आळीत, घाण उचलणारे दुसऱ्या आळीत. बाबांनी गावातल्या पाटलापासून सावकारापर्यंत सगळ्यांना झाडायला लावलं, तेव्हा फक्त रस्ता साफ झाला नाही. हे काम त्यांचं, आपलं नव्हे, ही समजूतही थोडी झाडली गेली.

रात्रीचं कीर्तन म्हणजे याच कामाचा पुढचा भाग. बाबा संस्कृत श्लोकांच्या वाटेला फारसे जायचे नाहीत. वऱ्हाडी बोलीत समोरच्यांना प्रश्न विचारायचे आणि उत्तरं त्यांच्याकडूनच काढून घ्यायचे. कर्ज काढून लग्न का करता, देवाला बोकड का कापता, माणसाला शिवून घ्यायला का घाबरता. लोक हसायचे आणि हसता हसता वरमायचे. पायावर डोकं ठेवायला आलेल्यांना मात्र ते जवळ येऊ द्यायचे नाहीत. घरातली भांडी विकावी लागली तरी चालेल, पण पोरांना शिकवा, हे ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. १९५४ साली कऱ्हाडला रयत शिक्षण संस्थेचं कॉलेज सुरू झालं, तेव्हा कर्मवीर भाऊराव पाटलांनी त्याला नाव दिलं ते कधी शाळेत न गेलेल्या या माणसाचं.

बांधलं आणि सोडलं

लोक बाबांना पैसे द्यायचे. त्यातून देवळांपेक्षा त्यांनी लोकांच्या सोयीवर भर दिला. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयात उपचाराला आलेल्या गावाकडच्या पेशंटचे नातेवाईक फुटपाथवर झोपायचे, त्यांच्यासाठीही निवारा उभा केला. पंढरपुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांना कुणी ओसरीवरही उभं करत नव्हतं. त्यांच्यासाठी बांधलेली चोखामेळा धर्मशाळा बाबांनी १९४९मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. १९५२मध्ये सगळ्या संस्थांचा कारभार ट्रस्टकडे सोपवला आणि आपल्या नातेवाइकांचा त्यावर काही हक्क राहणार नाही याची काळजी घेतली.

नोव्हेंबर १९५६मध्ये वांद्र्याच्या पोलिस ठाण्याच्या आवारात त्यांचं कीर्तन झालं. ते ध्वनिमुद्रित झालं, म्हणून तो खरखरीत आवाज आजही आपल्याला ऐकता येतो. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडगेबाबांनी प्राण सोडला. आयुष्यभर रस्त्यावर राहिलेला माणूस रस्त्यावरच गेला.

२०००-०१मध्ये आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना राज्य सरकारने बाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. गावागावांत स्पर्धा लागली, गावं हातात झाडू घेऊन बाहेर पडली. अमरावतीच्या विद्यापीठालाही त्यांचं नाव मिळालं. नाव ठिकठिकाणी पोचलं. आता पद्धतीचं बघू.

पाचूबंदरच्या वाळूवर

वांद्र्याहून विरार लोकल पकडली की वसई येतं. स्टेशनवरून वसई गावाकडे, किल्ल्याच्या तटाच्याही पुढे गेलं की पाचूबंदर. वसईच्या खाडीच्या तोंडावरचा हा कोळीवाडा. किनाऱ्यावर होड्या, दुरुस्तीला काढलेली जाळी, वलांड्यांवर वाळणारे बोंबील. भरतीबरोबर खाडीतून प्लास्टिक येतं: दुधाच्या पिशव्या, चिप्सची पाकिटं, चपला. शहरातल्या नाल्यांत टाकलेलं फिरून इथे येतं. कोळ्याच्या जाळ्यात मासळीबरोबर तेही अडकतं आणि ते सोडवण्यात त्याचा वेळ जातो.

इथे किंवा अशा कुठल्याही कोळीवाड्यात क्लीन-अपला गेलो की आपल्यापैकी अनेक जण पहिली गोष्ट करतात ती म्हणजे नाकाला रुमाल. सुक्या मासळीचा वास आपल्याला घाण वाटतो. पण ती घाण नाही, ते कुणाचं तरी घर चालवणारं काम आहे. आपण ज्याला बीच म्हणतो ते त्यांचं अंगण आणि कारखाना दोन्ही आहे. पावसाळ्यात माशांच्या विणीच्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून पुन्हा समुद्रात जायचं, ही रीत कोळ्यांची. समुद्रातून किती घ्यायचं आणि कधी थांबायचं, हे शिकायला आपल्याला बाहेर कुठे जायची गरज नाही.

बाबांचा खराटा इथे आणून पाहिला तर आपल्या रविवारच्या उपक्रमाला दोन-तीन साधे प्रश्न पडतात. आपण कोळीवाड्यातल्या लोकांना विचारून आलो का, की त्यांना शिकवायला आलो? गोळा केलेल्या पिशव्या उचलून न्यायची गाडी कधी येणार, हे आधी ठरवलं का? नाहीतर पुढच्या भरतीला तेच सगळं परत पाण्यात. जो कचरा वर शहरात नाल्यात पडतो, त्याबद्दल आपण आपल्याच सोसायटीत तोंड उघडलं का? तिथे बोलणं जास्त अवघड असतं, बारशाच्या पंगतीइतकं अवघड.

आणि शेवटचा प्रश्न सोमवारचा. रविवारी आपण झाडू घेतला की त्याला समाजसेवा म्हणतात, फोटो निघतो, सर्टिफिकेट मिळतं. सोमवारी पहाटे तोच झाडू हातात घेणाऱ्या सफाई कामगाराचं नाव आपल्याला माहीत असतं का? त्याला ग्लव्हज मिळतात का, हे आपण कधी बघतो का? या दोन झाडूंमधलं अंतर मिटवण्यासाठीच बाबा पन्नासएक वर्षं चालत राहिले.

ते अंतर अजून आहे. बरंच कमी झालंय, पण आहे. ते मिटवायला संत व्हायची, घर सोडायची गरज नाही. पुढच्या रविवारी ड्राइव्ह संपल्यावर ग्रुप फोटोच्या आधी अर्धा तास किनाऱ्यावरच बसा. जाळं शिवणाऱ्या काकांना आणि मासळी निवडणाऱ्या मावशींना विचारा, त्यांना आपल्याकडून नेमकी कसली मदत हवी आहे. कदाचित ती झाडण्याची नसेलही.