मोजून घेतलेले ध्येय : फादर ग्रेगोर मेंडेल



ग्रेगोर मेंडेल हे नाव आपल्या मुलांनी शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात वाचलेले असते. उंच वाटाणा, बुटका वाटाणा, चौकोनात मांडलेली अक्षरे आणि तीनास एक हे प्रमाण, एवढे परीक्षेपुरते पाठही होते. मात्र हे शास्त्रज्ञ मठात राहणारे कॅथोलिक धर्मगुरू होते, आणि शिक्षक होण्याच्या परीक्षेत त्यांना दोनदा अपयश आले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. नवे वर्ष उजाडले, नवी नोकरी लागली किंवा शाळा सुरू झाल्या की आपण सारेच मोठमोठे संकल्प करतो. दोन महिन्यांत त्यांचा मागमूसही राहत नाही. ध्येय कसे ठरवावे आणि ते कसे तडीस न्यावे, हे या माणसाच्या आयुष्यातून फार चांगले शिकता येते. म्हणून या रविवारी त्यांचे चरित्र आपल्यासमोर ठेवावे असे आम्हांला वाटले.

शेतकऱ्याचा मुलगा

मेंडेल यांचा जन्म १८२२ सालच्या जुलै महिन्यात, त्या वेळच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातील हायनझेनडॉर्फ या खेड्यात झाला. आज हे गाव चेक प्रजासत्ताकात आहे. बाप्तिस्म्यात त्यांचे नाव योहान ठेवण्यात आले. वडील आंतोन हे छोटे शेतकरी. आठवड्यातले तीन दिवस त्यांना जहागिरीच्या शेतावर वेठीला जावे लागे. उरलेल्या दिवसांत ते स्वतःची शेती आणि फळबाग पाहत. गावचे धर्मगुरू फादर श्रायबर यांना फळझाडांची मोठी हौस होती आणि ते गावकऱ्यांनाही चांगल्या जातीची झाडे लावायला शिकवीत. झाडांची ओळख योहानला अशी घरात आणि गावातच झाली.

मुलगा हुशार आहे हे पाहून आईवडिलांनी त्याला परगावी शिकायला पाठवले. पण पैसा कुठून आणायचा? ओपावा येथील शाळेत त्याचे पैसे अर्ध्या जेवणापुरतेच भरले जात. अधूनमधून घरून पाव आणि लोणी येई. १८३८ साली वडिलांच्या छातीवर झाडाचे खोड कोसळले आणि ते कायमचे अधू झाले. तेव्हापासून सोळा वर्षांचा योहान शिकवण्या करून स्वतःचे शिक्षण करू लागला. श्रम आणि काळजी यांमुळे तो मधूनमधून अंथरूण धरी. ओलोमौत्स येथील पुढचे शिक्षण तर बंदच पडायचे. त्या वेळी धाकटी बहीण तेरेझा हिने स्वतःच्या लग्नासाठी राखून ठेवलेल्या पैशांतला वाटा भावाला दिला. हे ऋण मेंडेल विसरले नाहीत. पुढे तेरेझाच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणाला त्यांनी हातभार लावला.

१८४३ साली योहानने ब्रनो शहरातील संत थॉमस यांच्या मठात प्रवेश केला आणि ग्रेगोर हे नाव घेतले. पोटापाण्याची विवंचना सुटावी हेही त्यामागचे एक कारण होते, असे त्यांनी पुढे स्वतःच मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. ऑगस्टिनियन संघाच्या या मठात विद्येला मोठा मान होता. ग्रंथालय होते, बाग होती आणि सिरिल नाप यांच्यासारखे जाणकार मठाधिपती होते.

नको ते काम, नको तो निकाल

१८४७ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. रुग्णांना भेटणे, मरणपंथाला लागलेल्यांना धीर देणे हे काम त्यांच्याकडे आले. पण दुसऱ्याचे दुखणे पाहून हा माणूस इतका कासावीस होई की स्वतःच आजारी पडे. नाप यांनी हे ओळखले. त्यांनी मेंडेल यांना दोष दिला नाही. १८४९ साली त्यांना झ्नोइमो येथे बदली शिक्षक म्हणून पाठवले. तेथे मात्र ते रमले. मुलांना त्यांचे शिकवणे आवडू लागले.

कायम शिक्षक होण्यासाठी सरकारी परीक्षा द्यावी लागे. १८५० साली मेंडेल तिला बसले आणि नापास झाले. प्राणिशास्त्र आणि भूशास्त्र यांत ते कमी पडले. नाप यांनी त्यांना १८५१ ते १८५३ या काळात व्हिएन्ना विद्यापीठात पाठवले. तेथे डॉपलर यांच्याकडे भौतिकशास्त्र आणि उंगर यांच्याकडे वनस्पतिशास्त्र ते शिकले. प्रयोग कसा आखावा आणि आकडे कसे मांडावेत ही दृष्टी त्यांना येथे मिळाली. परत आल्यावर ते ब्रनोच्या शाळेत शिकवू लागले. १८५६ साली पुन्हा परीक्षेला गेले. याही वेळी प्रमाणपत्र मिळाले नाही. पुढे १८६८ सालापर्यंत ते बदली शिक्षकच राहिले.

वयाच्या चौतिसाव्या वर्षी ही स्थिती होती. अशा वेळी माणूस एकतर खचून जातो, नाहीतर जगाला काहीतरी करून दाखवतो अशा इरेला पेटतो. मेंडेल यांनी दोन्ही केले नाही. त्यांनी वाटाणे पेरले.

प्रश्न लहान केला

आईबापांचे गुण मुलांत कसे उतरतात, हा प्रश्न माणसाला फार जुन्या काळापासून पडलेला आहे. त्या काळी बहुतेकांची समजूत अशी की दुधात पाणी मिसळावे तसे दोघांचे गुण एकमेकांत मिसळून जातात. मेंडेल यांच्या आधी गेर्टनर नावाच्या जर्मन संशोधकाने सुमारे १०,००० संकर करून पाहिले होते. एवढे कष्ट करूनही हाती नियम लागला नाही. कारण ते संपूर्ण झाड पाहत होते, आणि संपूर्ण झाडात एकाच वेळी शंभर गोष्टी बदलत असतात.

मेंडेल यांनी गेर्टनर यांचा ग्रंथ बारकाईने वाचला आणि आपले ध्येय लहान केले. सारी सृष्टी नको, एकच वनस्पती घेऊ. तिचे सारे रूप नको, सातच गोष्टी पाहू : दाण्याचा आकार, दाण्याच्या आतला रंग, दाण्याच्या सालीचा रंग, शेंगेचा आकार, शेंगेचा रंग, फुलांची जागा आणि झाडाची उंची. या साती गोष्टी अशा की बघताक्षणी सांगता याव्यात. दाणा गोल की सुरकुतलेला, पिवळा की हिरवा, यात वाद उरत नाही.

काम सुरू करण्याआधी त्यांनी घाई केली नाही. बियाणे विकणाऱ्यांकडून वाटाण्याचे ३४ प्रकार आणले आणि दोन वर्षे ते नुसते पेरून पाहिले. पुढच्या पिढीतही जे आपल्या जातीशी इमान राखतात असे २२ प्रकार ठेवले. मगच प्रयोगाला हात घातला. जागाही जवळ होती तेवढीच घेतली, मठाच्या खिडक्यांखालची सुमारे ३५ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद पट्टी.

काम किती किचकट होते, हे शेती करणाऱ्या आपल्या वाचकांना सांगायला नको. कळी उमलण्यापूर्वी ती हलक्या हाताने उघडायची, आतले पुंकेसर काढून टाकायचे, दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे आणि किड्यांनी भलतेच पराग आणू नयेत म्हणून फुलावर पिशवी बांधायची. शेंगा धरल्या की दाणे सोलायचे, निवडायचे आणि मोजायचे. एका प्रयोगात दुसऱ्या पिढीतील ५,४७४ दाणे गोल भरले आणि १,८५० सुरकुतलेले. दुसऱ्या प्रयोगात ६,०२२ पिवळे आणि २,००१ हिरवे. दोन्हीकडे प्रमाण तीनास एकच्या जवळ! पहिल्या पिढीत नाहीसा झालेला गुण मिसळून संपला नव्हता, तो दबून राहिला होता आणि नातवंडांत जसाच्या तसा वर आला होता.

असे आठ हंगाम, १८५६ ते १८६३. शाळेतले शिकवणे आणि मठातली प्रार्थना सांभाळून त्यांनी सुमारे २८,००० झाडे पाहिली. हा आकडा ऐकून छाती दडपते. पण रोजचे काम छाती दडपणारे नव्हते. आज एवढ्या कळ्या, आज एवढ्या शेंगा, एवढेच ते होते.

हातात काय होते?

१८६५ सालच्या ८ फेब्रुवारीला आणि ८ मार्चला मेंडेल यांनी ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे आपला निबंध दोन भागांत वाचला. पुढच्या वर्षी तो छापून आला. त्यांनी ४० प्रती वेगळ्या काढून घेतल्या आणि काही नामवंत शास्त्रज्ञांना धाडल्या. जवळजवळ कोणीच दखल घेतली नाही. म्युनिक येथील नेगेली या प्राध्यापकांनी पत्रव्यवहार केला, पण त्यांनाही या कामाचे मोल उमगले नाही.

येथे थोडे थांबून विचार करू या. मेंडेल यांनी प्रसिद्धी हे ध्येय ठेवले असते तर ते पूर्ण अपयशी ठरले असते. त्यांनी ठरवले होते ते एवढेच की सात गुणांची पिढ्यानपिढ्या मोजणी करून त्यातला नियम शोधायचा. त्याचा शेवट त्यांच्या हाती होता आणि तो त्यांनी गाठला. लोकांनी टाळ्या वाजवणे त्यांच्या हाती नव्हते.

पुढच्या आयुष्यात त्यांना याची उलट बाजूही अनुभवावी लागली. वाटाण्यानंतर त्यांनी हॉकवीड नावाची रानफुले घेतली. नेगेली यांचाही तो खास विषय होता. ही फुले इतकी बारीक की भिंगाखाली काम करून १८६९ साली मेंडेल यांचे डोळे दुखावले. वाटाण्याचा नियम येथे काही केल्या लागू होईना. या झाडांचे बी बहुधा परागाशिवायच धरते, हे विसाव्या शतकात उलगडले. म्हणजे मेंडेल यांच्या कष्टात खोट नव्हती, पण त्यांना हवे होते ते उत्तर त्या झाडापाशी नव्हतेच.

१८६८ साली ते मठाधिपती म्हणून निवडले गेले. आता संशोधनाला अधिक वेळ मिळेल, अशी त्यांची अपेक्षा होती. झाले उलटेच. सभा, हिशेब, पाहुणे आणि जमिनींचे व्यवहार यांत दिवस जाऊ लागले. १८७४ साली सरकारने मठांवर नवा कर बसवला. तो अन्यायाचा आहे असे मेंडेल यांचे ठाम मत होते. त्यांनी तो भरण्यास नकार दिला आणि अखेरपर्यंत सरकारशी झगडा चालवला. त्यांची बाजू तत्त्वाची असेलही, पण हा झगडा कधी आणि कसा संपेल हे त्यांच्या हाती नव्हते. झाडे मागे पडली. आपल्या रोपांकडे आणि मधमाश्यांकडे दुर्लक्ष होत असल्याची खंत त्यांनी नेगेली यांना कळवली होती. हवामानाच्या नोंदी मात्र ते शेवटच्या काळापर्यंत ठेवत राहिले. रोज थोडा वेळ लागणारे ते काम त्यांच्या आवाक्यातले होते.

६ जानेवारी १८८४ रोजी, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, मूत्रपिंडाच्या आजाराने त्यांचे निधन झाले. ते ६१ वर्षांचे होते. अंत्यविधीला शहरातील गोरगरीब आणि मोठी माणसे लोटली. एक चांगले मठाधिपती गेले म्हणून लोक हळहळले. एक महान शास्त्रज्ञ गेला हे कोणालाच ठाऊक नव्हते. सोळा वर्षांनी, १९०० साली, द व्रीस, कोरेन्स आणि चेर्माक या तीन संशोधकांनी तो जुना निबंध जगापुढे आणला. आज आनुवंशिकतेच्या शास्त्राचे जनक म्हणून मेंडेल यांना सारे जग ओळखते.

आपल्यासाठी

आपण शास्त्रज्ञ होणार नाही कदाचित. पण घर आणि नोकरी तर आपणा सर्वांनाच सांभाळायची आहे. कर्ज फेडायचे आहे, असे आपण म्हणतो. दरमहा किती आणि कोणत्या तारखेला, हे ठरवत नाही. मुलांना वेळ द्यायचा आहे, म्हणतो. रोज रात्री जेवताना फोन बाजूला ठेवायचा, इतके लहान आणि मोजता येणारे पाऊल मात्र ठरवत नाही. मुलाने दहावीत पहिले यावे, असे आपल्याला वाटते. पण पहिले येणे त्याच्या हाती नाही, रोज दोन तास बसणे त्याच्या हाती आहे. तेरेझाने भावाला शास्त्रज्ञ करण्याचा संकल्प केला नव्हता. त्याची फी भरता यावी एवढेच तिने पाहिले.

या आठवड्यात घरातल्या सर्वांनी एकत्र बसून एका कागदावर एकच ध्येय लिहावे, अशी आमची विनंती आहे. ते इतके स्पष्ट असावे की ते पूर्ण झाले की नाही, हे घरातले लहान मूलही सांगू शकेल. ते आपल्या हातातले असावे. त्याला पुरेसे दिवस द्यावेत. मेंडेल यांनी तर नुसते बियाणे पारखायलाच दोन वर्षे दिली होती.