जॉन स्मिथचे दोन नकाशे

कॅप्टन जॉन स्मिथ म्हटलं की बहुतेकांना पोकाहॉन्टस आणि तो कार्टून सिनेमा आठवतो. मला मात्र हा माणूस आवडला, आणि नावडलाही, तो त्याच्या दोन नकाशांमुळे. आपण साहित्यवाले शब्दांकडे आधी बघतो, आणि नकाशात शब्द भरपूर असतात.

स्मिथचा जन्म १५८० सालचा, इंग्लंडमधल्या लिंकनशायरचा. शेतकऱ्याचा मुलगा. तरुणपणीच तो लढायला बाहेर पडला आणि हंगेरीच्या बाजूला तुर्कांच्या हाती सापडला. गुलाम म्हणून विकला गेला. कॉन्स्टँटिनोपलला ज्या बाईकडे त्याला पाठवलं, तिनं आपल्याला दयेनं वागवलं असं तो सांगतो. तिचं नाव त्रागाबिगझांडा. नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१६०७ साली शंभरेक इंग्रजांबरोबर तो व्हर्जिनियात जेम्सटाउनला उतरला. तो मुलूख रिकामा नव्हता. आसपासच्या तीसेक जमाती पोव्हॅटन नावाच्या प्रमुखाला मानत होत्या. त्याच्या लोकांनी स्मिथला पकडून त्याच्यापुढे उभं केलं. पोकाहॉन्टसनं मध्ये पडून जीव वाचवला, ही गोष्ट स्मिथनं सविस्तर छापली ती थेट १६२४ मध्ये. तेव्हा ती आणि तिचे वडील पोव्हॅटन, दोघंही हयात नव्हते. म्हणून इतिहासकार तिच्याकडे संशयानं बघतात.

पण नकाशा खरा आहे. १६०८ च्या उन्हाळ्यात डझनभर माणसं घेऊन, उघड्या होडीतून त्यानं दोनदा चेसापीकचा उपसागर पालथा घातला. १६१२ मध्ये त्यावरून नकाशा छापला. त्यात पश्चिम वरच्या बाजूला आहे, म्हणजे जहाजातून येणाऱ्याला किनारा जसा समोर दिसेल तसा. शंभराहून जास्त गावं, तीही मूळ रहिवाशांच्या नावांनी. आणि नद्यांवर बारीक क्रूस काढलेत. आपण स्वतः कुठवर गेलो ते त्यानं क्रूस काढून दाखवलं. त्यापलीकडचं सगळं तिथल्या लोकांनी सांगितलेलं. ज्यांची जमीन, त्यांचंच ज्ञान, आणि ते त्यानं कबूल केलं. व्हर्जिनियाचे नकाशे पुढची साठेक वर्षं याच नकाशावरून निघत राहिले.

कबूल केलं म्हणून तो सज्जन ठरत नाही. वसाहतीला पोटापुरतं पिकवता येत नव्हतं, म्हणून स्मिथ गावोगाव फिरून मका मिळवायचा. कधी मणी-तांबं देऊन, कधी बंदूक दाखवून. १६०९ मध्ये दारूच्या स्फोटात भाजून तो इंग्लंडला परतला आणि व्हर्जिनियाला पुन्हा कधी गेला नाही. त्याच सुमारास तिथं युद्ध पेटलं. १६२२ मध्ये पोव्हॅटनच्या घराण्यातल्या ओपेचॅनकनोच्या हल्ल्यात ३४७ वसाहतवाले मेले, आणि इंग्रजांनी पुढची कित्येक वर्षं त्यांची गावं आणि उभी पिकं जाळून सूड घेतला.

दुसरा नकाशा न्यू इंग्लंडचा. १६१४ मध्ये स्मिथ त्या किनाऱ्यानं फिरला. १६१६ मध्ये नकाशा छापताना त्यानं पंधरा वर्षांच्या राजपुत्र चार्ल्सला विनंती केली, की तिथली रानटी नावं बदलून इंग्रजी नावं द्या. राजपुत्रानं दिली. अकोमॅकचं प्लिमथ झालं. जिथं एकही इंग्रज राहत नव्हता, तिथं कागदावर इंग्लंडची गावं वसली. गंमत म्हणजे एका भूशिराला स्मिथनं हौसेनं त्रागाबिगझांडाचं नाव दिलं होतं. राजपुत्रानं तेही काढून आपल्या आईचं, अ‍ॅनचं नाव घातलं.

आपण सीमाभागातली माणसं. पाटीवर कुठलं नाव लिहायचं यावरून काय काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

नावं पुसण्याआधी माणसंही पुसली जात होती. स्मिथच्याच मोहिमेतल्या दुसऱ्या जहाजाचा कप्तान थॉमस हंट यानं वीसहून जास्त माणसं फसवून पळवली आणि स्पेनमध्ये मालागाला विकायला नेली. स्मिथनं त्याचा निषेध केला. त्यातल्या काहींना तिथल्या कॅथलिक संन्याशांनी ताब्यात घेऊन विक्री थांबवली. हे वाचून मला बरं वाटलं. पण त्यांनाही त्या माणसांना आधी ख्रिस्ती करायचं होतं, हेही लिहायला हवं. पळवलेल्यांपैकी टिस्क्वांटम १६१९ मध्ये परतला, तेव्हा त्याचं पटक्सेट गाव साथीनं ओस पडलं होतं. पुढच्याच वर्षी तिथं इंग्रज वस्ती झाली. नाव प्लिमथ.

त्या वस्तीला स्मिथनं आपली सेवा देऊ केली होती, पण त्यांनी दुसराच कॅप्टन नेमला. १६३१ मध्ये तो लंडनमध्ये वारला. त्यानंतर ४४ वर्षांनी त्याच प्लिमथविरुद्ध मेटाकॉम उठला. इंग्रजांनी त्याचं नाव फिलिप ठेवलं होतं. ते युद्ध आजही किंग फिलिपचं युद्ध म्हणूनच ओळखलं जातं.

राजपुत्राची बरीचशी नावं टिकली नाहीत. मॅसॅच्युसेट्स, केनेबेक ही जुनी नावं आजही आहेत. ती बोलणारी माणसं मात्र फार थोडी उरली. स्मिथला कुठं थांबायचं ते माहीत होतं, त्याचे क्रूसच तसं सांगतात. दुसऱ्या नकाशात त्यानं ते क्रूस काढले नाहीत.